लिव्हिंगस्टनहून दार-एस-सलामला गाडीने घरी येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही टांझानियात दार-एस-सलामला राहतो, नोकरीनिमित्त. दिवाळीच्या आधीच्या सुट्टीत व्हिक्टोरिया फॉल्स बघायला झांबियात गेलो आणि येताना अकरा दिवस घेऊन, वाटेतली जंगलं बघत गाडीने घरी आलो. गाडीत मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून आलेली माझी आई. तेव्हापासून कोणी भेटलं की तेच प्रश्न विचारतात, इथले लोक विचारतात आणि पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे पण विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढलं.

नक्की रस्ता कुठला आणि किती लांब?

लिव्हिंगस्टन, लुसाका, कापिरी म्पोशी, सेरेंजे, म्पिका, मग नाकोंडे-टुंडुमा बॉर्डर, म्बेया, इरिंगा, मिकुमी, मोरोगोरो आणि दार (म्हणजे दार-एस-सलाम). सरळ आलात तर साधारण 2,400 किलोमीटर. आम्ही कसांका (झांबियातलं नॅशनल पार्क), कापिश्याचे गरम पाण्याचे झरे आणि रुआहा (टांझानियातलं नॅशनल पार्क) असे तीन फाटे धरले त्यामुळे मीटरवर जवळपास 3,100 झाले. सगळा मुख्य रस्ता डांबरी आहे, पण डांबरी म्हणजे चांगलाच असं नाही, झांबियाच्या उत्तरेला काही पट्ट्यात खड्डे असे की गाडी तीसच्या वर जात नाही. बऱ्याच ठिकाणी ताझारा रेल्वे सोबतीला असते. ही लाइन चीनच्या मदतीने 1970 ते 1975 मध्ये बांधली, दार ते कापिरी म्पोशी 1,860 किलोमीटर. मुलाने अख्ख्या प्रवासात मालगाड्या मोजल्या.

अकरा दिवस कशाला? पाच दिवसांत होत नाही का?

होतं. ट्रकवाले करतात. पण मग तुम्ही फक्त ट्रकांच्या मागची ताडपत्री बघणार. जाताना आम्ही घाईघाईतच गेलो होतो, रोज दहा-दहा तास गाडी चालवून, आणि तिकडे पोचेपर्यंत चौघं एकमेकांशी बोलेनासे झालो होतो. येताना ठरवलं की दिवसाला पाच-सहा तासांच्या वर चालवायचं नाही आणि तीन ठिकाणी सलग दोन रात्री राहायचं. परतीचा प्रवास म्हटलं की सगळ्यांना एकदाचं घर गाठायचं असतं, आणि या रस्त्यावर जे वाईट होतं ते बहुतेक त्या घाईपायीच होतं. मला हे मनापासून सांगायचंय, म्हणून खाली पण दोन-तीनदा येईल.

कधी निघावं?

जून ते ऑक्टोबर कोरडा सीझन, गवत कमी, पाणी कमी, त्यामुळे प्राणी पाण्यावर येतात आणि दिसतात. जून-जुलैत म्बेयाकडे आणि झांबियाच्या उत्तरेला रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच. ऑक्टोबरअखेर उन्हाचा तडाखा पण कसांकाची वटवाघळं तेव्हाच येतात, म्हणून आम्ही ऑक्टोबर संपता संपता निघालो आणि धनत्रयोदशीला घरी पोचलो. डिसेंबर ते एप्रिल शक्यतो नको, जंगलातले कच्चे रस्ते चिखलाने बंद होतात.

गाडी कुठली? फोर-बाय-फोर लागतेच का?

मुख्य रस्त्याला नाही लागत, लोक साध्या नोआ-कोरोलातून पण जातात. जंगलात शिरायचं असेल तर लागते. आमची जुनी प्राडो आहे, जपानहून सेकंडहँड आलेली, इथे बहुतेक गाड्या तशाच येतात. महत्त्वाचं म्हणजे टायर. एक नाही, दोन स्टेपन्या घ्या. रेतीत जायच्या आधी हवा कमी करायची आणि डांबरी रस्त्यावर आलं की परत भरायची, त्यासाठी सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आणि प्रेशर मोजायचा गेज जवळ हवा. जॅकखाली ठेवायला फळीचा एक जाड तुकडा हवा, नाहीतर रेतीत जॅकच आत जातो आणि गाडी तिथेच, हे आम्हाला रुआहाच्या रस्त्यावर कळलं, दुपारी दोन वाजता, आणि तेव्हा फळी म्हणून आईचा पोळपाट वापरला. पोळपाट टिकला, शिसवी आहे.

डिझेल सेरेंजे, म्पिका, चिन्साली जिथे दिसेल तिथे टाकी फुल करा, अर्ध्याच्या खाली येऊच देऊ नका.

बॉर्डरवर किती वेळ जातो? कागद काय लागतात?

गाडीचं रजिस्ट्रेशन, गाडी तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं पत्र, लायसन्स, इंटरनॅशनल परमिट आणि यलो कार्ड. यलो कार्ड म्हणजे कोमेसा या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या व्यापारी गटातल्या देशांचा थर्ड पार्टी विमा, एकाच कार्डावर शेजारचे देश चालतात, टांझानियातून पण निघतं. फक्त कार्डावर तुम्ही जाणार त्या देशावर खूण आहे ना ते एजंटच्या समोर बसूनच तपासा. आमच्या एजंटने झांबियाच्या रकान्यात काहीच केलं नव्हतं आणि ते आम्हाला पहिल्या पोलीस नाक्यावर कळलं, नशीब की त्या साहेबांनी समजून घेतलं आणि पुढच्या गावात नवा विमा काढू दिला. झांबियात शिरताना गाडीचा तात्पुरता परवाना, कार्बन टॅक्स, रोड टोल अशा वेगवेगळ्या पावत्या मिळतात, एकही टाकू नका, बाहेर पडेपर्यंत कोणी ना कोणी मागतोच. आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा.

टुंडुमा-नाकोंडे आता वन-स्टॉप आहे, म्हणजे झांबियातून येताना दोन्ही देशांचे शिक्के टुंडुमाच्या बाजूला एकाच बिल्डिंगमध्ये होतात. ट्रकांची रांग कित्येक किलोमीटर दिसली तरी घाबरू नका, छोट्या गाड्या बाजूने पुढे जातात. पण बॉर्डर यायच्या आधीच मोटरसायकलवरून मुलं गाडीला येऊन चिकटतात, मी एजंट, मी करून देतो म्हणून, त्यांना नम्रपणे नको म्हणा आणि पासपोर्ट कोणाच्याही हातात देऊ नका, खिडकीवर स्वतः जा.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. टांझानियाचं घड्याळ झांबियापेक्षा एक तास पुढे आहे, म्हणजे घराकडे येताना घड्याळात तुमचा एक तास उडतो. आणि टांझानियात 1 जून 2019 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आपण मराठी माणसं प्रत्येक गोष्ट पिशवीत घालून ती परत पिशवीत घालणारे, तेव्हा बॉर्डरच्या आधीच सगळं डब्यात आणि कापडी पिशव्यांत भरा.

रात्री गाडी चालवली तर चालेल का?

नाही. या सगळ्या पानातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

चिन्सालीच्या पुढे आम्ही एकदाच हा नियम मोडला, तासाभराचाच प्रश्न आहे म्हणून. सूर्य मावळला की इकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, पंधरा-वीस मिनिटांत मिट्ट काळोख. रस्त्याला पट्टे नाहीत, समोरून येणाऱ्या ट्रेलरचे हायबीम डोळ्यात, कडेने सायकलवर कोळशाची पोती नेणारी माणसं, बकऱ्या. आणि मग नवऱ्याला रस्त्यावर हिरव्या फांद्या दिसल्या, दहा-दहा पावलांवर एकेक टाकलेली. इकडे गाडी बंद पडली की झाडाच्या फांद्या तोडून मागे-पुढे टाकतात, आपल्याकडे दगड लावतात तसं. त्याने ब्रेक मारला, तिसऱ्या फांदीनंतर अख्खा ट्रेलर आडवा उभा, एकही दिवा नाही, रिफ्लेक्टरसुद्धा चिखलाने माखलेला. फांद्या कळल्या नसत्या तर आम्ही त्याच्या खालीच गेलो असतो. त्या रात्री पुढच्या गावात चर्चच्या गेस्टहाऊसमध्ये राहिलो, आई काही बोलली नाही पण जेवलीही नाही.

ही फांद्यांची खूण ध्यानात ठेवा. दिवसासुद्धा वळणाआधी फांद्या दिसल्या की वेग कमी करायचा. आणि चार वाजता जिथे असाल तिथे मुक्काम शोधायला लागायचं.

हत्ती रस्त्यात उभा असला तर काय करायचं?

थांबायचं, लांबच. पन्नास मीटर तरी. हॉर्न नाही, लाइट मारायचे नाहीत, इंजिन चालू ठेवायचं आणि मागे जायला वाट मोकळी आहे ना ते आधी बघायचं. कळपात पिल्लू असेल तर त्याच्या आणि आईच्या मध्ये गाडी कधीही घालू नका. कान पसरून डोकं हलवत, धूळ उडवत चार पावलं धावून येतो तो बहुतेक वेळा तुम्हाला फक्त समज देत असतो, तेव्हा हळूच मागे यायचं. कान अंगाला चिकटवून सोंड आत गुंडाळून आला तर मात्र तो थांबणार नाही. आपण मराठीत माज म्हणतो, गंडस्थळातून मद गळतो म्हणतो, ते सगळं इथे खरोखर समोर दिसतं, पण आफ्रिकन हत्तिणींच्या गालावर पण तसा ओला ओघळ येतो, नुसत्या ओघळावरून माजावर आलाय असं धरू नका. एकटा नर, ओघळ, आणि मागच्या पायांवर सतत थेंब थेंब लघवी, असा दिसला की दिवसाचा प्लॅन बदला.

रुआहात म्सेंबेच्या जवळ आमच्यापुढे असा एक सुळेवाला वाटेत उभा राहिला. माजावर नव्हता, नुसता उभा होता, बाभळीच्या शेंगा वेचून खात होता, एकेक शेंग सोंडेच्या टोकाने उचलून. चाळीस मिनिटं. मुलाने सुरुवातीला पाच वेळा विचारलं की कधी जाणार आणि मग विचारायचं सोडून दिलं आणि तोच आम्हाला दाखवायला लागला की बघ तो शेंग आधी झटकतो, माती जाते, मग खातो. त्या चाळीस मिनिटांत मला जेवढा हत्ती कळला तेवढा आयुष्यभरात कळला नव्हता. नंतर तो स्वतःच बाजूला झाला.

वटवाघळं बघायला दोन दिवस कोण घालवतं?

आम्ही घालवले आणि परत घालवू. कसांका हे झांबियातलं छोटंसं पार्क आहे, 390 चौरस किलोमीटरच्या आसपास, सेरेंजे सोडल्यावर म्पिकाच्या रस्त्याने छत्तीसेक किलोमीटर जायचं, मग डावीकडे मान्साच्या रस्त्याला लागायचं. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत काँगोच्या खोऱ्यातून आणि त्याच्याही पलीकडून पेंढ्याच्या रंगाची मोठी फळखाऊ वटवाघळं इथे येतात, अंदाजे एक कोटी, आणि ती सगळी दलदलीतल्या एका छोट्याशा राईत लटकतात. एक कोटी म्हणजे काय ते आकड्याने कळत नाही. संध्याकाळी आम्ही झाडावरच्या मचाणावर बसलो, सूर्य बुडाला, आधी राईतून नुसता आवाज, बाजारासारखा, मग दोन-चार सुटली, मग वीस, आणि मग आकाशच सरकायला लागलं. अर्धा तास झाला तरी संपेना. एवढा थवा पण पंखांचा आवाज अगदी हलका, आणि वास मात्र पिकून गळलेल्या आंब्यांचा. रानातली मासुकूची फळं पिकलेली असतात त्यासाठी ती येतात. फांद्या त्यांच्या वजनाने मोडतात, ते कड कड ऐकू येतं. वर गरुड घिरट्या घालत असतात, एकाने आमच्यासमोर एक उचललं.

आई आधी म्हणत होती वटवाघूळ अशुभ, मी गाडीत बसते. नंतर तीच सकाळी साडेचारला सगळ्यांना उठवत होती, कारण पहाटे ती परत येतात.

नाशिकचा या रस्त्याशी काय संबंध, तुम्ही नेहमी सांगता तो?

कसांकापासून जवळच चितांबो म्हणून जागा आहे. तिथे 1 मे 1873 ला डेव्हिड लिव्हिंगस्टन, आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि शोधक, वारला. त्याच्याबरोबरच्या आफ्रिकन माणसांनी त्याचं हृदय तिथे एका म्पुंदूच्या झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि कापडात गुंडाळला आणि समुद्रापर्यंत वाहून आणला. चुमा आणि सुसी ही त्यांच्या म्होरक्यांची नावं. हजार मैलांहून जास्त, पायी, जवळपास नऊ महिने, आजारपणं, वाटेत मेलेली माणसं, आणि फेब्रुवारी 1874 मध्ये बागामोयोला पोचले, जे आमच्या घरापासून गाडीने दीड-दोन तासांवर आहे.

आता नाशिक. त्या माणसांमध्ये जेकब वेनराइट होता. लहानपणी त्याला गुलाम म्हणून नेत होते, इंग्रजांच्या जहाजाने सोडवलं आणि मग तो शिकला कुठे, तर आमच्या नाशकात, शरणपूरच्या मिशनमध्ये. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली कितीतरी आफ्रिकन मुलं तेव्हा मुंबई आणि नाशकात आणून ठेवलेली. लिव्हिंगस्टनच्या या मोहिमेच्या सुरुवातीला, 1866 मध्ये, त्याच्याबरोबर नाशिकची अशी नऊ मुलं होती, वेनराइट नंतर येऊन मिळाला. चितांबोला प्रार्थना त्याने म्हटली, झाडावर नाव आणि तारीख त्याने कोरली, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत देह ठेवला तेव्हा खांदा देणाऱ्यांत तो होता.

मी शरणपूर रोडवरून रोज सायकलने शाळेत जायचे. दहा वर्षं. मला कोणी हे कधी सांगितलं नाही. चितांबोला आज दगडी स्तंभ आहे, वर क्रॉस, आजूबाजूला शेतं, एक राखणदार वही घेऊन येतो आणि नाव-गाव लिहायला सांगतो. आईने गावाच्या रकान्यात नाशिक लिहिलं. राखणदाराने विचारलं हे कुठे आहे आणि मग तिने तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला वेनराइटची गोष्ट सांगितली जी तिला मीच आदल्या रात्री सांगितली होती. तो म्हणाला हे नाव मला माहितीये, पण ते गाव भारतात आहे हे नव्हतं माहीत. दोघं बराच वेळ बोलत उभे होते.

म्हणून कसांकाला गेलात तर चितांबो चुकवू नका. नाशिककर असाल तर विशेष.

त्सेत्से माशी चावते का? आणि मलेरिया?

चावते आणि जाम दुखतं, जीन्समधून सुद्धा. निळा आणि काळा रंग तिला खेचतो, जंगलात तुम्हाला झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतील ते त्यासाठीच. खाकी, मळखाऊ रंगाचे कपडे घाला आणि ती असते त्या पट्ट्यात काचा बंद ठेवा, चालत्या गाडीच्या मागे लागते ती, तिला गाडी म्हणजे म्हैस वाटत असावी. डासांचं मलम तिच्यावर फारसं चालत नाही. तिच्यामुळे झोपेचा आजार होतो, प्रवाशांमध्ये क्वचित, पण चावल्यावर गाठ आली आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला त्सेत्सेच्या भागात होतो हे आवर्जून सांगा.

झांबियात काही रस्त्यांवर त्सेत्सेचा नाका असतो. एक माणूस फुलपाखरं पकडायची जाळी घेऊन गाडीभोवती शांतपणे फिरतो, चाकांच्या आत डोकावतो, सीटखाली बघतो, फवारा मारतो आणि जा म्हणतो. त्याला हसू नका, गुरं वाचतात त्याच्यामुळे.

मलेरिया खरा धोका आहे. गोळ्या डॉक्टरला विचारून निघायच्या आधीपासून चालू करा आणि परत आल्यावर सांगितलेत तितके दिवस घ्या, घरी पोचलो म्हणून बंद करू नका. परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत कधीही ताप आला की आधी मलेरियाची टेस्ट.

तंबूत झोपायची भीती नाही वाटत?

पहिल्या रात्री वाटते. आमचा तंबू गाडीच्या टपावर उघडणारा आहे, त्यात आई आणि मुलगा, आणि आम्ही दोघं खाली साध्या तंबूत. नियम सोपे आहेत. चेन पूर्ण लावायची. रात्री बाहेर पडायचं नाही, झोपायच्या आधी सगळ्यांनी जाऊन यायचं, अगदीच लागली तर तंबूत डबा. फळं तंबूत कधीच नाहीत, विशेषतः संत्री आणि आंबे, हत्तीला लांबून वास येतो. चपला बाहेर ठेवल्या तर तरस पळवतं, खरंच. पाण्याच्या काठाला तंबू लावू नका, रात्री पाणघोडे चरायला वर येतात आणि त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कोणी आलं की ते थांबत नाहीत. रुआहात आमच्या तंबूबाहेर अर्धी रात्र कचा-कचा गवत तोडायचा आवाज येत होता, सकाळी पायाचे ठसे बघितले तर तंबूपासून चार हातांवर. माकडांपासून मात्र दिवसा सांभाळा, डिकी एक मिनिट उघडी राहिली आणि अख्खं भडंग गेलं.

व्हेज खाणाऱ्यांचं काय?

उपाशी राहत नाही. झांबियात न्शिमा आणि टांझानियात उगाली, दोन्ही म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, सोबत पालेभाजी. झांबियात इफिसाशी मागा, म्हणजे शेंगदाण्याचा कूट घालून केलेली पालेभाजी, आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली लसूण कमी आहे, बाकी आपलीच. टांझानियात वाली-महारागे, म्हणजे भात आणि घेवड्याची उसळ, बऱ्याचदा नारळाच्या दुधातली. चपाती तर सगळीकडे आहे आणि तिला चपातीच म्हणतात. आम्ही बरोबर दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजून ठेवलेला रवा घेतला होता, सकाळचा उपमा त्यातच.

झांबियात बाजारात चिकांदा मिळतो, वडीसारखा, शेंगदाणे घातलेला, आणि व्हेज आहे म्हणून आम्हाला कोणीतरी प्रेमाने दिला. पण तो रानातल्या ऑर्किडच्या कंदांपासून करतात आणि मागणी एवढी वाढली की सीमेपलीकडे टांझानियाच्या डोंगरातले कंद पण खणून नेले जायला लागले. म्बेयाजवळचं किटुलो, जे मुख्यतः फुलांसाठी राखलेलं पार्क आहे, ते होण्यामागे हेही एक कारण होतं. मला वाटतं आपण तरी तो विकत घेऊ नये.

वयस्कर आई-वडिलांना नेता येईल?

माझी आई अडुसष्टची आहे, गुडघे दुखतात. नेता येईल, फक्त दर दोन तासांनी थांबा, लघवीला झाडीत जाताना आधी काठीने आवाज करा आणि जंगलाच्या हद्दीत गाडीतून उतरू नका, तिथे फक्त ठरलेल्या जागीच उतरतात. औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा.

टांझानियात पोलीस फार अडवतात म्हणे?

अडवतात, बहुतेक वेगासाठी. गावाची हद्द लागली की पन्नास, आणि हद्द संपल्याची पाटी दिसेपर्यंत पन्नासच, घरं संपली म्हणून पाय देऊ नका, आंब्याच्या झाडाखाली स्पीडगन घेऊन पांढऱ्या गणवेशातले साहेब उभे असतात. आधी नमस्कार करा, वयाने मोठे असतील तर शिकामू म्हणा, ते माराहाबा म्हणतात आणि अर्धं काम तिथेच होतं. चूक असेल तर दंड भरा पण पावती किंवा कंट्रोल नंबर घ्या, त्या नंबरावर मोबाइलने पैसे जातात. हातात रोख देऊ नका.

भाषेचं कसं?

झांबियात इंग्रजी चालतं. टांझानियात स्वाहिली हवी, पण मराठी माणसाला ती तितकी परकी नाही. गाडीला गारी, विम्याला बीमा, दुकानाला दुका, आंब्याला एम्बे, चहाला चाय. हत्ती तेम्बो, सिंह सिम्बा, जिराफ ट्विगा, आणि झेब्रा म्हणजे पुंडा मिलिया, पट्ट्यांचं गाढव. एक सांभाळा, स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सा मोजा म्हणजे एक वाजता नाही, सकाळचे सात. गेट सा कुमी ना म्बिलीला बंद होतं म्हणाले तर ते बारा नाही, संध्याकाळचे सहा.

वेळ कमी असेल तर रुआहा की मिकुमी?

मिकुमी रस्त्यातच आहे, रुआहासाठी इरिंग्याहून कच्च्या रस्त्याने सव्वाशे किलोमीटर आत जावं लागतं आणि तोच परत. तरीही मी रुआहा सांगेन. वीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, आणि गाड्या इतक्या कमी की आम्हाला पूर्ण दिवसात चारच भेटल्या.

कोरड्या दिवसांत तिथली ग्रेट रुआहा नदी आटते. आधी ती बारमाही होती, पण वर उसांगूच्या पठारावर भातशेतीसाठी पाणी उचललं जायला लागलं आणि 1993 पासून दरवर्षी तिचा प्रवाह तुटतो. आम्ही गेलो तेव्हा पात्र म्हणजे नुसती रेती आणि मध्ये डबकी, त्यात पाणघोडे एकमेकांना चिकटून. एक हत्तीण रेतीत पुढच्या पायाने खड्डा करत होती, मग सोंड आत, पहिलं पाणी गढूळ आलं ते तिने बाजूला फेकलं, थांबली, परत घातली, परत फेकलं, आणि तिसऱ्यांदा प्यायली. पिल्लाची सोंड तेवढी खोल पोचेना, ते गुडघ्यांवर बसलं, तरी पोचेना, मग तिने सरकून खड्ड्याची कड पायाने मोडली. आई म्हणाली, आमच्याकडे उन्हाळ्यात नदीत झिरा काढायचो तसंच. तिचं लहानपण सिन्नरकडचं. ती बराच वेळ त्या हत्तिणीकडेच बघत होती.

पार्कची फी दर चोवीस तासांची असते आणि रोख घेत नाहीत, कार्ड किंवा मोबाइल. टांझानियाचं रेसिडेंट परमिट असेल तर फी कमी लागते, परमिटची मूळ प्रत जवळ ठेवा.

मिकुमीत रस्त्यावरूनच फुकट प्राणी दिसतात ते खरं का?

खरंय. दार-म्बेया हायवे पार्कमधून पन्नासेक किलोमीटर जातो आणि जिराफ, झेब्रा, रानम्हशी, हत्ती रस्त्याच्या कडेलाच असतात. पण हा हायवे आहे, बसेस सुसाट जातात आणि प्राणी मरतात. हद्दीवर बोर्ड आहे, कुठला प्राणी मारला तर किती डॉलर दंड, प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे आकडा. दंडासाठी नाही, त्या जनावरासाठी हळू चालवा. तिथे कडेला इम्पालाचं एक पिल्लू पडलेलं दिसलं, नुकतंच गेलेलं, आई जरा पलीकडे उभी. मुलगा त्यानंतर मोरोगोरोपर्यंत बोलला नाही. माझं म्हणणं, आत जाऊन एक दिवसाची फी भराच, 1964 पासून हे पार्क आहे, आणि म्काताच्या मैदानात सकाळी सहाला जे दिसतं ते हायवेवरून कधीच दिसणार नाही.

त्याच्या आधी, इरिंगा सोडल्यावर, किटोंगाचा घाट लागतो. दारकडे येताना तो उतार आहे. खालच्या गिअरमध्येच उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही, पुढे-मागे लोड भरलेले ट्रेलर असतात आणि ओव्हरटेक करायचा मोह टाळा. घाट उतरलात की रुआहा नदीकाठचं गोरखचिंचांचं खोरं. वसईकडे, मुंबईत कुठेकुठे एकेकटी गोरखचिंच दिसते ना, तिचं हे माहेर, डोंगरभर हजारोंनी.

एकूण खर्च?

गाडी स्वतःची असेल तर मोठे खर्च तीनच, डिझेल, पार्क फी आणि बॉर्डरचे कागद. आम्हाला डिझेल 300 लिटरच्या आसपास लागलं. तंबू असल्यामुळे राहण्याचा खर्च कमी झाला. भाड्याची गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडायची असेल तर ते फार महाग पडतं, आणि सीमा ओलांडायचं पत्र आधीच लेखी घ्यावं लागतं.

शेवटचा दिवस कसा ठेवावा?

मिकुमीहून दार तीनशे किलोमीटर पण नाही, तरी पूर्ण दिवस ठेवा. चालिंझेच्या पुढे ट्रॅफिक वाढतं आणि किबाहापासून तर गाडी मुंगीच्या पावलाने. घर दोन तासांवर आलंय म्हटलं की माणूस हमखास चुका करतो, नवऱ्याच्या जागी मी स्टिअरिंग घेतलं ते त्यासाठीच, तो सकाळपासून थकलेला होता. संध्याकाळी सातला पोचलो. आईने आधी दारात पणती लावली आणि मग सामान उतरवू दिलं.

मग बागामोयोला गेलात का?

गेलो, भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी. तिथल्या जुन्या कॅथलिक मिशनमध्ये तो छोटा मनोरा अजून आहे, जिथे चितांबोहून आणलेला देह समुद्र ओलांडायच्या आधी एक रात्र ठेवला होता. खाली समुद्र, मच्छीमारांच्या होड्या, आंब्याच्या झाडांची रांग. आम्ही गाडीने एसी लावून अकरा दिवसांत जे अंतर कापलं त्यातलं बरंचसं त्या माणसांनी चालत कापलं होतं, खांद्यावर ओझं घेऊन. आईने चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन बसली.